उसातला स्नायपर, भाग दोन

माझ्या धाकट्या दिराने सिनेमाच्या पहिल्या भागात माझ्या नवऱ्याला मारून टाकलं, आणि मला विचारलंसुद्धा नाही.

सिनेमा म्हणजे मोबाइलवर बघायचा, पाऊण तासाचा. दिराचा शहाद्यात लग्नाच्या शूटिंगचा धंदा आहे. लग्नाच्या तारखा नसल्या की कॅमेरा, ड्रोन आणि पोरं रिकामी बसतात, आणि रिकाम्या पोरांच्या डोक्यात एका वर्षी सीमेवरच्या स्नायपरचा सिनेमा काढायचं आलं. लपून बसायचं, लांबून नेम धरायचा आणि एकाच गोळीत माणूस पाडायचा, असं काम करणारा सैनिक फौजेत असतो हे आमच्या गावाला त्या सिनेमातून कळलं. काश्मीरचा बर्फ म्हणून जिनिंगच्या अंगणात कापूस पसरला होता. तापीचा काठ म्हणजे सीमा. हिरोच्या छातीवरच्या पट्टीवर आमचं आडनाव होतं, कारण माझा नवरा तेव्हा खरोखरच फौजेत होता. शेवटी हिरोला गोळी लागते, तो कापसात पडतो आणि इकडे गावात त्याची बायको हातातलं सूप टाकून धावत सुटते. ते सूप माझं होतं. तेही न विचारता नेलेलं.

गावाने तो सिनेमा इतक्या वेळा पाहिला की मी दळणाला गेले तरी बायका डोळे भरून माझ्याकडे बघायच्या. नवरा तिकडे ठणठणीत, फोनवर बोलणारा, आणि इकडे माझ्या कपाळावरच्या टिकलीकडे बघून कुणीतरी उसासा टाकायचं. माझं डोकं फिरलं. मी दिराला चहाला बोलावलं आणि चहा न देता झापलं.

"वहिनी, तो मरना नही, फकत पडना," तो म्हणाला.

"पाडानं पहिले माले इचारं व्हतं का?"

"दुसरा भागमा जित्ता करी दिसू ना."

मेलेल्या माणसाला जिवंत करायला दुसरा भाग काढायचा, ही कल्पना तिथून निघाली. म्हणजे थोडा दोष माझाही आहे असं तो अजून सांगत फिरतो.

खरी गोष्ट मला एकटीला माहीत होती. माझा नवरा फौजेत स्वयंपाकी होता. भरतीच्या वेळी बंदूक धरायला सगळ्यांनाच शिकवतात, तशी त्यालाही शिकवली, पण नंतरची सगळी नोकरी त्याने लंगरमध्ये काढली. फौजेत भटारखान्याला लंगर म्हणतात. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्याने मला हे सांगितलं, माझ्या हातची दाळ खाल्ल्यावर. कुणाला सांगू नको असं काही तो म्हणाला नाही. मीच सांगितलं नाही. आमच्याकडे फौजी म्हटलं की लोकांना बंदूकच दिसते, आणि माझी सासू हयात असेपर्यंत गल्लीभर त्या बंदुकीच्या गोष्टी सांगायची. त्यात मी डाव आणि पातेलं कुठे आणणार होते?

तो सुट्टीवर आला की पारावरची माणसं त्याला घेरून बसायची.

"कितला जनस्ले उडावं, भाऊ?"

"ते सांगानं नही ऱ्हास," तो म्हणायचा, आणि लोक माना डोलवायचे. जितका गप्प राहायचा तितका तो त्यांच्या नजरेत मोठा नेमबाज होत गेला.

मग तो निवृत्त होऊन कायमचा घरी आला. आमच्या भागात फौजी निवृत्त झाला की त्याची उघड्या जीपमधून मिरवणूक काढतात, पुढे डीजे, मागे शाळेची मुलं. चौकात मोठं फ्लेक्स लागलं. दिराने त्यावर नवऱ्याचा चेहरा लावला आणि खाली पहिल्या भागातल्या हिरोचं धड, दुर्बिणीच्या बंदुकीसकट. जीप फ्लेक्सखालून गेली तेव्हा नवऱ्याने वर बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. गुलालाने त्याचा चेहरा इतका माखला होता की हसतोय की रडायला आलाय ते मला कळलं नाही. मी ओवाळलं. काळी लोखंडी पेटी त्याने जीपमधून स्वतःच्या खांद्यावर उतरवली, आतल्या खोलीच्या दाराशी ठेवली, आणि ती तिथेच राहिली.

त्या पेटीने माझा जीव खाल्ला. माणूस घरी आला तर पेटी उघडतो, कपडे कपाटात लावतो. मी कपाटातली खालची फळी त्याच्यासाठी रिकामी करून पुसून ठेवली होती. तो मात्र पेटीतून एक शर्ट काढायचा, धुऊन वाळला की घडी करून पुन्हा पेटीत ठेवायचा आणि कडी लावायचा. मी झाडताना पेटी सरकवून बघायचे. जड असायची.

आणि त्याला बसवत नव्हतं. उजाडायच्या आधी उठून अंगण झाडायचा, मी झाडलेलं पुन्हा झाडायचा. माझी भांडी उंचीप्रमाणे लावायचा. गावाच्या टोकापर्यंत जाऊन परत यायचा, मग गाडीला किक मारून शहाद्याला जायचा आणि कोथिंबिरीची एक जुडी घेऊन यायचा, जी आमच्याच मळ्यात होती. दुपारी आडवा झाला तर छताकडे बघत पाय हलवत राहायचा. रात्रीही तसंच, मला खाटेच्या करकरण्यावरून कळायचं. त्याच्या अस्वस्थपणाने मीही अस्वस्थ झाले. भाकरी थापताना मला वाटायचं, आता उठेल, आता चप्पल घालेल. इतकी वर्षं शेत मी एकटीने ओढलं, मुलगी वाढवली, तिला नंदुरबारला वसतिगृहात ठेवलं, पण तेव्हा असा जीव टांगणीला नव्हता. लांब असलेल्या माणसाची वाट बघता येते. घरात असलेल्याची कशी बघायची?

एकदा त्याने घरी दाळ केली. मी शेतातून आले तर मोठ्या पातेल्यात लग्नाला पुरेल इतकी दाळ. शेजारीपाजारी वाटली, म्हशीला घातली, तरी उरली. "इतलंसं कराले जमत नही माले," तो म्हणाला, आणि पुन्हा स्वयंपाकघरात आला नाही.

मग सुरतेहून फोन येऊ लागले. फौजेतला त्याचा एक ओळखीचा तिथल्या कापड बाजारात पहारेकरी पुरवायचा. गनमन पाहिजे, फौजी असला तर आजच ये. पुन्हा बंदूकच. नवरा ओसरीवर फेऱ्या मारत बोलायचा, आणि मी भिंतीआडून ऐकायचे. लपून ऐकायची मला लाज वाटत नव्हती. एक दिवस तो हिंदीत म्हणाला, "भाई का काम खतम होते ही आता हूँ." भावाचं काम म्हणजे सिनेमा. दिराने त्याच आठवड्यात दुसऱ्या भागाचं शूटिंग धरलं होतं आणि खरा फौजी सल्लागार पाहिजे म्हणून भावाच्या मागे लागला होता.

म्हणजे सिनेमा संपला की माझा नवरा जाणार. हे माझ्या डोक्यात असं पक्कं बसलं की ज्या सिनेमाला मी उठताबसता शिव्या घालत होते, तो लांबावा म्हणून मीच धडपडू लागले.

दुसऱ्या भागाची गोष्ट अशी: हिरो कापसात पडला होता, पण मेला नव्हता. तो गावी येतो. दुश्मन त्याच्या मागावर गावापर्यंत येतात. हिरो आपल्याच उसात लपतो आणि एकेकाला टिपतो. ऊस आमचा. कळसाडीच्या रस्त्याला लागून आमचं वावर आहे, आणि त्या साली तो ऊस मी पोटच्या पोरासारखा वाढवला होता. दिराने तो शूटिंगला मागितला, आणि त्याला वाटलं त्याहून लवकर मी हो म्हटलं. त्याला शंका आली असावी, पण त्याने ती बोलून दाखवली नाही.

बंदूक शहाद्यातल्या एका सुतारचाचांनी सागाच्या लाकडाची केली, नळी ठिबकच्या पाइपची. हिरोचा पोशाख मी शिवला. स्नायपर अंगावर गवतपाला लावून जमिनीशी एक होतो म्हणे. मी कांद्याच्या जाळीच्या गोण्या उसवल्या आणि त्यांना उसाचं पाचट ओवून ओवून शिवलं. पाचट म्हणजे उसाची वाळकी पानं, त्याची कूस अंगाला अशी टोचते की माणूस दिवसभर खाजवत राहील. म्हणून आतून माझ्या जुन्या सुती साडीचं अस्तर दिलं. पोशाख सावकाश शिवला. दोनदा उसवला. दीर रोज विचारायचा, झाला का. मी म्हणायचे, बाही बसत नाही.

नवरा आधी शूटिंगला जायला नाही म्हणाला, मग घरी बसवेना म्हणून गेला. पहिल्या दिवशी संध्याकाळी परत आला तेव्हा केसांत पाचट होतं, आणि तो माझ्याशी आपण होऊन बोलला. पोरांना दोन मिनिटं एका जागी पडून राहता येत नाही, हिरोला सारखी खाज सुटते, असं सांगत राहिला. मी भाकरी वाढत राहिले आणि मनात म्हटलं, खाजवू दे त्याला, वर्षभर खाजवू दे. रोज दुपारून तो जायचा. त्याच्या अंगाला धुराचा वास यायचा. बॉम्ब दाखवायला पोरं टायर जाळतात असं दिराने सांगितलं होतं, म्हणून मी काही विचारलं नाही.

आणि मग तोड आली.

ज्यांच्याकडे ऊस नाही त्यांच्यासाठी सांगते. ऊस आपण लावतो, पण तो कधी तोडायचा हे कारखाना ठरवतो. कारखाना पुरुषोत्तमनगरला, त्या बाजूने क्रम लागतो, टोळी येते, तोडते, ट्रॅक्टर भरून जातो. आपला क्रम कधी येईल म्हणून शेतकरी महिनोन्‌महिने मान लांब करून बसतो, कारण उभ्या उसाला तुरा आला की तो आतून पोकळ होत जातो. तोड आली आणि कुणी ती परत पाठवली, असं आमच्या शिवारात मी ऐकलेलं नाही. दिराने सिनेमाची सगळी आखणी केली, ड्रोन ठरवलं, रक्तासाठी लाल रंग आणला, आणि ज्या उसात सगळा सिनेमा आहे तो तोडला जाणार हे शेतकऱ्याचा पोरगा असून त्याच्या डोक्यातच नव्हतं.

टोळी सातपुड्यातली होती. मुकादम वयाने मोठा, डोक्याला रुमाल, सकाळीच बांधावर येऊन उभा राहिला. मागे बायका-माणसं कोयते घेऊन बसलेली.

"बाई, तुमनी तोड उनी. आज लागसूत," तो म्हणाला.

मी उसाकडे बघितलं. आतून दुपारची तयारी म्हणून कुणीतरी दोरीला लावलेलं लाल फडकं दिसत होतं. ऊस पडला की सिनेमा संपला. सिनेमा संपला की पेटी गेली.

"आज नको, दादा," मी म्हटलं. "पुढला वावरमा जा."

मुकादमाला वाटलं त्याने नीट ऐकलं नाही. "होयीना पहिले आम्हले घर जानं शे, बाई. होयीनंतर कोन येस, कोन नही, मी काय सांगू?"

होळीला डोंगरातली माणसं कुठेही असली तरी वर जातात. ही टोळी काठी गावाच्या बाजूची, तिथली राजवाडी होळी सोडून कुणी आमच्या उसाला थांबणार नव्हतं. हे मला माहीत होतं. तरी मी पुन्हा नको म्हटलं. तो गेला. कोयते गोळा झाले, ट्रॅक्टर वळला, आणि मी बांधावर एकटी उभी राहिले. मग मी घरी गेले, परत आले, विहिरीपर्यंत गेले, परत आले. वर्षभर घाम गाळलेलं पीक मी एका वाक्यात परत पाठवलं होतं, आणि कुणाला सांगायचीही सोय नव्हती. दुपारपर्यंत मी तशीच फिरत राहिले. शेवटी मला ते आत ठेवता येईना. नवऱ्याला सांगायचं आणि काय व्हायचं ते होऊ दे, असं ठरवून उसाच्या पलीकडे, पाण्याच्या मोटारीच्या खोलीकडे निघाले.

तिथे टायर नव्हते जळत. तीन दगडांवर मोठं पातेलं चढलं होतं. माझा नवरा खांद्यावर टॉवेल टाकून उकिडवा बसला होता, एका हाताने जाळ सारत, दुसऱ्या हाताने लांब दांड्याचा डाव फिरवत. तो डाव मी कधी पाहिला नव्हता. बाजूला मारून ठेवलेले दुश्मन आणि हिरो ताटं घेऊन रांगेत बसले होते, तोंडाला काळं फासलेलं तसंच.

"उस्ताद, आखो वाढ ना," एक मेलेला दुश्मन म्हणाला.

मला बघून दीर उठला. त्याचं तोंड पडलं होतं. "वहिनी, गावमा सांगू नको," तो हळूच म्हणाला. पहिल्याच आठवड्यात बसस्टँडवरच्या वड्यांनी पोरांची पोटं बिघडली होती. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने पातेलं मागवलं आणि त्यांना शिजवून घातलं. कांदा कापायचा हात बघून पोरांनी विचारलं, आणि त्याने सरळ सांगितलं. दोन दिवस दीर भावाशी बोलला नाही. नंतर तोही रांगेत बसायला लागला.

"तुम्ही सांगी दिधं त्यास्ले?" मी नवऱ्याला विचारलं.

"भूक लागेल व्हती त्यास्ले," तो म्हणाला. जणू मी तेच विचारलं होतं.

मी तिथेच, सगळ्यांसमोर बोलून टाकलं. "मी टोळी परत धाडी."

डाव थांबला. "काबरं?"

"ऊस पडना का पिक्चर सरी. पिक्चर सरना का तुम्ही सुरत जाशात. म्हनीसन."

पोरं ताटात बघू लागली. मला वाटलं नवरा रागावेल. रागावला असता तर बरं झालं असतं, मलाही भांडायला दारूगोळा होताच. त्याने डाव दिराच्या हातात दिला, जाळ कमी करायला सांगितला आणि गाडीची किल्ली काढली.

"येडी शे का तू," एवढंच म्हणाला. "बठ गाडीवर."

टोळी दोन वावरं पुढे, दुसऱ्याच्या बांधावर जेवायला बसली होती. मुकादमाने आम्हाला येताना बघितलं आणि मुद्दाम पाठ फिरवली. त्याचा राग बरोबरच होता.

"सकायले जा सांगतस, दुपारले या सांगतस. आम्ही काय रिकामा शेतस का?"

नवरा त्याच्याशेजारी खाली बसला. टोळीच्या भाकरीकडे बघितलं. या बायका तोडीच्या आधी पहाटे उठून दिवसभराचा स्वयंपाक करतात, मग कोयता धरतात. "उद्यानं जेवन आम्नाकडे," तो म्हणाला. "बठासनं. तुमना बायास्ले चूल पेटाडानं काम नही. त्या झोपतीन."

मागे बसलेली एक बाई आपल्या बोलीत काहीतरी म्हणाली आणि बाकीच्या हसल्या. मुकादमाने तिच्याकडे रागाने बघितलं, मग आमच्याकडे. "उद्या," तो म्हणाला. "पन तुमना बंदूकवाला पोरे आम्ना कोयताना मधमा नको."

दुसऱ्या दिवशी ऊस पडायला लागला. नवरा अंधारातच उठून मळ्यात गेला होता. उजाडता उजाडता टोळी जेवली, पोरं जेवली, आणि चारी बाजूंनी कोयते चालू झाले. दीर आधी रडकुंडीला आला होता, मग ड्रोन वर गेलं आणि त्याने रिमोटच्या पडद्यावर खाली बघितलं. हिरव्या उसाचा चौकोन चारी बाजूंनी खात खात आत चालला होता. लपलेल्या माणसाची जागा लहान लहान होत होती. दीर ओरडत सुटला की हाच शेवट, हाच शेवट आपल्याला पाहिजे होता. दुश्मनांना ऊस तोडणाऱ्यांच्या मागे, कोयत्यांपासून लांब उभं करायचं, आणि शेवटच्या तुकड्यातून हिरो बाहेर येणार.

पण हिरो आत जाईना. हा पोरगा एरवी केळीच्या गाड्या भरतो, अंगाने पैलवान. मुकादम त्याला सहज म्हणाला होता की शेवटच्या तुकड्यात बिबट्या असतो. खोटं नाही ते. आमच्याकडे ऊस पडत जातो तसा बिबट्या आत आत सरकतो आणि शेवटी तिथूनच निघतो, म्हणून टोळी शेवटी डबे वाजवत तोडते. हिरोने पोशाख काढून फेकला.

नवऱ्याने तो उचलला. मी शिवलेला पोशाख. डोक्यावरून घातला, पाचटात चेहराही दिसेना, लाकडी बंदूक घेतली आणि उसात शिरला. मी जाऊ नका म्हटलं, पण डब्यांच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही.

तुकडा घराएवढा झाला. मग खोलीएवढा. डबे वाजत होते. काही निघालं नाही, बिबट्या नाही, नवरा नाही.

"दादा, बाहेर निंघ," दीर ओरडला. "कॅमेरा चालू शे."

काही नाही. मुकादमाने हात वर केला आणि कोयते थांबले. मला फ्लेक्स आठवलं, कापसात पडलेला हिरो आठवला, माझं सूप आठवलं. मी धावले. दीर मागून ओरडत होता की वहिनी फ्रेममध्ये येतेस, बाजूला हो. मी उसात शिरले, हाताला, गालाला पानं कापत गेली.

तो आत पडला होता. एका कुशीवर, बंदूक बाजूला, हात डोक्याखाली. मी खाली वाकले. तो घोरत होता.

मी त्याला हलवायला हात पुढे केला आणि मागे घेतला. पाय हलत नव्हते. कपाळावर आठी नव्हती. जाळीच्या कडेने माझ्या साडीचं अस्तर वर आलं होतं आणि तो त्यावर गाल टेकून, तोंड थोडं उघडं टाकून, फौजेतल्या आणि इथल्या, दोन्ही घरांच्या मधे कुठेतरी असल्यासारखा झोपला होता. घरी आल्यापासून मी त्याला असं झोपलेलं पाहिलं नव्हतं. मला रडू आलं आणि मी रडले, आवाज न करता. मग त्याच्याजवळ पाचटात बसले.

मुकादम उसाच्या फटीतून डोकावला.

"झोपेल शेतस," मी म्हटलं. "ऱ्हाऊ द्या थोडं."

त्याने बघितलं, मान हलवली आणि टोळीला बिड्या ओढायला बसवलं. तो तुकडा दुपार कलेपर्यंत उभा राहिला. दिराने हे सगळं वरून टिपलं, आणि सिनेमात ते तसंच ठेवलं आहे: सगळं शिवार मोकळं, मधे उसाचा एक हिरवा ठिपका, आणि त्यात शिरणारी एक बाई. गोष्टीत ती कोण आहे हे कुणी सांगत नाही. गावाने ओळखलं.

टोळी होळीला वर गेली. जाताना मुकादम नवऱ्याला म्हणाला, काठीला या होळी बघायला. नवरा म्हणाला, "पुढला साल येसूत." हे वाक्य मी दिवसरात्र चघळलं. पुढल्या साली इथूनच जाणार, की सुरतेहून सुट्टी काढून? विचारायची हिंमत झाली नाही. सुरतेचा फोन दोनदा वाजला, त्याने बाहेर जाऊन घेतला, आणि भिंतीआड उभं राहूनही मला काही ऐकू आलं नाही. होळी झाली. सिनेमाचा एकच शॉट उरलाय असं दीर म्हणत होता.

त्या दिवशी मी सकाळपासून खोडव्याला पाणी देत होते. तोडलेल्या उसाच्या बुंध्यातून नवे कोंब आले होते. घरी आले तर दीर दारात उभा.

"वहिनी, दादानी ती काळी पेटी दे ना. हिरो पेटी लिसन ड्युटीवर जास, तो शेवटना शॉट शे."

म्हणजे झालं. आज सिनेमात जाईल आणि उद्या खरी जाईल. मी चिखलाचे पाय तसेच घेऊन आतल्या खोलीच्या दाराकडे बोट केलं.

"दोन जन लागतीन," मी म्हटलं. "जड शे."

दीर आत गेला, वाकला, आणि पेटी एका हातात घेऊन बाहेर आला. रिकाम्या डब्यासारखी ती त्याच्या गुडघ्यावर आपटत, वाजत होती. तो तशीच झुलवत अंगणातून गेला.

मी कपाट उघडलं. माझ्या साड्यांखालच्या, सकाळी रिकाम्या असलेल्या फळीवर त्याचे शर्ट होते, फौजेतल्या घडीचे, एकावर एक. बाजूला तो लांब दांड्याचा डाव, आडवा मावत नाही म्हणून तिरका ठेवलेला. मी थोडा वेळ फळीवर हात ठेवून उभी राहिले. मग दारात येऊन दिराला ओरडून सांगितलं, पेटी परत आणायची काही घाई नाही.